दहा ढग आणि एक रिकामा रकाना

३ फेब्रुवारी २०२५

पोर्टफोलिओ उघडला. शेवटची भर दोन वर्षांपूर्वीची. मधल्या काळात काम काही कमी केलं नाही, पण निम्मं गोपनीयतेच्या करारात अडकलेलं आणि उरलेल्यातलं बरंचसं क्लायंटनं मध्येच गुंडाळलेलं. दाखवण्याजोगं उरतं ते एवढंच: ग्रंथालयाचे दिशाफलक, मुखपृष्ठांची एक मालिका, दोन लोगो. एप्रिलच्या सुरुवातीला एका स्टुडिओत काम घेऊन जायचंय. हातात आठ आठवडे.

म्हणून स्वतःच्याच डोक्यातलं एक नवं काम काढायचं आणि ते जनरेटिव्ह एआय वापरून करायचं. 'तुम्ही एआय वापरता का?' हे हल्ली जो तो विचारतो. हो म्हणायचं तर कशाला हो म्हणतोय ते निदान आपल्याला ठाऊक हवं.

विषय ठरला: ढग. जागतिक हवामान संघटनेच्या वर्गीकरणात ढगांच्या दहा प्रजाती आहेत. दहा कार्डं, आकार ए५, पुढे चित्र, मागे ओळखायची खूण. ढगच का, तर ढगाचं चित्र चुकू शकतं. राक्षस काढला तर तो चुकला असं कोणाला म्हणता येत नाही. अल्टोस्ट्रॅटस, म्हणजे करड्या सपाट थराचा ढग, काढला तर म्हणता येतं. आलेलं चित्र बरोबर की चूक हे माझ्या आवडीनिवडीबाहेर कुठेतरी ठरायला हवं होतं.

नोंदीसाठी तक्ता केलाय. फाइलचं नाव, प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना), सीड (ज्या आकड्यापासून चित्र सुरू होतं तो; बाकी सगळं तेच ठेवून तोच दिला की तेच चित्र परत येतं), आणि शेवटचा रकाना: 'का ठेवलं'.

४ फेब्रुवारी

माझ्याच मशीनवर, १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर एक खुलं मॉडेल बसवलं, कम्फीयूआय नावाच्या प्रोग्राममधून चालवतेय. दहा नावं, प्रत्येकी आठ चित्रं. दोन तासांत ऐंशी.

डोळे दिपले, खोटं कशाला बोलू. रात्री उशिरापर्यंत नुसती बघत बसले. तेवीस ठेवली. 'का ठेवलं' रकान्यात पहिल्या तीन ओळींत अनुक्रमे 'छान', 'प्रकाश भारी', 'मस्तच' असं लिहिलंय. पुढच्या वीस ओळींत खाली खाली नुसत्या '—"—' अशा खुणा.

६ फेब्रुवारी

निवडलेली दहा भिंतीवर शेजारी शेजारी लावली. नावं झाकून बघितलं, तर सात चित्रं क्युम्युलसचीच. कापसाचे ढीग, कडेला सोनेरी प्रकाश, वेळ कायम संध्याकाळची. स्ट्रॅटस, म्हणजे खालचा सपाट करडा थर, मागितला तर डोंगरमाथ्यावरून दिसणारा ढगांचा समुद्र आला. निंबोस्ट्रॅटसमध्ये वीज! निंबोस्ट्रॅटस म्हणजे तासन्‌तास एकसुरी पाऊस पाडणारा जाड करडा थर. विजेचा तमाशा हा क्युम्युलोनिंबसचा, वादळी ढगाचा, प्रांत.

असं का होतं याचा थोडा शोध घेतला. चित्र काढणारी मॉडेल्स शिकतात ती इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्या चित्रांसोबतच्या ओळींवर. लायन-५बी हा २०२२ मधला खुला संग्रह ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांचा. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर तयार झाल्या, आणि शेवटच्या टप्प्यात तर 'सौंदर्याचे' गुण बरे पडलेलीच चित्रं निवडून घेतली होती. गुण देणारंही एक यंत्रच. माणसांनी दिलेल्या पसंतीवरून शिकलेलं.

यावरून माझा अंदाज असा: करड्या, सपाट आभाळाचा फोटो मुळात काढतो कोण? काढला तर त्याखाली 'अल्टोस्ट्रॅटस' असं लिहितो कोण? आणि एवढं करून तो संग्रहात पोचलाच, तर सौंदर्याच्या परीक्षेत नापास. लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह छापला गेला. या सगळ्यात सपाट ढगांना बरोबरीची जागा होती. मॉडेलच्या आभाळात मात्र त्यांना उभं राहायलाही जागा नाही.

तरी दहा चित्रं कार्डांच्या साच्यात टाकून पीडीएफ केली. चार दिवसांचं काम वाया गेलं म्हणवत नव्हतं.

११ फेब्रुवारी

सरांना पीडीएफ दाखवली. सर म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले आर्ट डायरेक्टर, आता निवृत्त. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली.

निंबोस्ट्रॅटसवर थांबले. "अगं, हा पाऊस उजवीकडून डावीकडे का पडतोय?"

मी गप्प.

"वारा दाखवायचा होता का?"

"नाही सर. आलं तसंच."

"बरं. पुढचं पान."

त्यानंतर एकही प्रश्न नाही. दहा पानं तीन मिनिटांत संपली. मग त्याच पीडीएफच्या शेवटी मी कधीचे ठेवलेले दिशाफलक आले, आणि तिथे ते वीस मिनिटं रेंगाळले. त्यात एक पान आहे, फसलेल्या बाणाचं. जिन्याकडे जाणारा बाण मी वर टोक करून काढला होता, लोक त्याला 'सरळ पुढे' समजून भिंतीशी जाऊन थांबायचे. मग तिरका केला, मग पायऱ्यांचं चिन्ह जोडलं. तीन आवृत्त्या, तिन्हींचे साध्या मोबाइलवर काढलेले मळकट फोटो. सरांनी तिसरी आवृत्ती मोठी करायला लावली, पायऱ्या चारच का हे विचारलं, दुरून पाच असत्या तर काय झालं असतं हेही.

पायऱ्या चार का, हे मला अजून तोंडपाठ आहे.

कॉल संपल्यावर तक्ता उघडला. त्या '—"—' खुणा बघवेनात.

१६ फेब्रुवारी

पाच दिवस काही केलं नाही. आज सगळी ऐंशी चित्रं एका फोल्डरमध्ये हलवली. पुसली नाहीत. फोल्डरचं नाव 'आलं तसं'.

मध्ये हक्कांबद्दल थोडं वाचलं. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं गेल्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, एआयवरच्या अहवालाचा दुसरा भाग काढला. त्यात म्हटलंय की आजच्या साधनांमध्ये नुसता प्रॉम्प्ट लिहिण्यानं चित्रावर पुरेसं नियंत्रण राहत नाही, म्हणून तेवढ्यावर कर्तेपण मिळत नाही. पण माणसाचं मूळ काम निकालात दिसत असेल, किंवा मांडणीत, फेरफारात माणसाची निर्मिती असेल, तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळू शकतं. २०२३ मध्ये मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयच्या चित्रांवर केलेल्या एका कॉमिकचा निर्णयही त्याच वळणाचा होता: मजकूर आणि मांडणी लेखिकेची, सुटी चित्रं नाहीत. कायदा देशोदेशी वेगळा, आणि मला काही खटला लढायचा नाहीये. पण वकिलांच्या भाषेतला हा प्रश्न आणि सरांचा पावसाचा प्रश्न एकच निघाला याची गंमत वाटली.

नवा नियम: सुरुवात माझ्या हातच्या चित्रानं. रकाना भरता आला नाही तर चित्र बाद, कितीही देखणं असो.

२० फेब्रुवारी

शाई काढली. बाटलीत वाळून गेली होती, पाणी घालून हलवली.

चार दिवसांत चौतीस ढग झाले. सिरससाठी जवळजवळ कोरडा ब्रश, कागदावर ओढून शेवटी मनगट झटकायचं. केस फाकतात तिथे आपोआप तंतू उमटतात. स्ट्रॅटसला उलटं, आधी कागद पूर्ण ओला. क्युम्युलोनिंबसचा पसरट माथा तीनदा फसला, चौथ्यांदा कागदच बोळा करून फेकला आणि गंमत म्हणजे त्या बोळ्यावरच्या सुरकुत्यांनी आयता माथा दिला. तोही स्कॅन केलाय. सगळं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके.

हात किती आखडलाय ते कळलं. दोन वर्षं नुसता माउस.

२३ फेब्रुवारी

चौतीस चित्रांवर लोरा तयार केली, म्हणजे मॉडेलला माझी शैली शिकवणारी छोटी जोड. ही युक्ती २०२१ च्या एका शोधनिबंधातली, मूळची भाषेच्या मॉडेलसाठी. मोठ्या मॉडेलला हात लावायचा नाही, त्याच्या थरांना छोटे पूरक थर जोडायचे आणि शिकवायचं ते फक्त त्यांना. घरच्या मशीनवर जमतं ते म्हणूनच.

शिकवायच्या चित्रांखालच्या ओळी लिहिताना एक गोष्ट उलटी आहे, ती पक्की लक्षात ठेवायची. जे बदलतं राहायला हवं ते लिहायचं: ढग कोणता, आभाळात कुठे, किती दाट. जे शैली म्हणून मुरायला हवं ते लिहायचं नाही. 'शाई', 'ओला कागद' असं प्रत्येक चित्राखाली लिहिलं तर ते त्या शब्दांना चिकटतं, शैली बोलावण्यासाठी तुम्ही ठरवलेल्या खुणेच्या शब्दाला नाही. पहिल्या फेरीत मी नेमकं हेच केलं. दोन तास चाळीस मिनिटं गेली.

दुसऱ्या फेरीत शैली उतरली. सोनेरी संध्याकाळ गेली, कागदाचा पोत आला. पण प्रत्येक आभाळात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक छोटा काळा गुंता. आधी वाटलं पक्षी. मोठं करून बघितलं तेव्हा कळलं: माझी सही! प्रत्येक कागदावर मी तिथेच सही करते आणि कापायची विसरले होते. मॉडेलच्या लेखी सही हा ढगाचाच एक भाग. २०२३ मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसनं स्टेबल डिफ्यूजनवाल्या स्टॅबिलिटी एआयवर दावा लावला, त्यात गेटीच्या वॉटरमार्कचं वेडंवाकडं रूप उमटलेली चित्रं पुढे केली होती. ती बातमी वाचताना मी हसले होते. आता आपलीच सही चोरून आपल्यालाच परत मिळाल्यावर नेमकं काय करायचं?

कोपरे कापून तिसरी फेरी रात्रभर लावली.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस एका आकड्यावर गेला. चित्रावरून चित्र करताना 'डीनॉइझ' नावाची एक कळ असते. डिफ्यूजन मॉडेल चित्र काढतं म्हणजे कण कण विखुरलेला गोंधळ पायरीपायरीनं साफ करत नेतं. तुमचं चित्र दिलं तर त्यावर किती गोंधळ घालून साफसफाई सुरू करायची ते ही कळ ठरवते. ० म्हणजे चित्र जसंच्या तसं, १ म्हणजे तुमच्या चित्राचं जवळजवळ काही उरत नाही.

एकोणिसावं चित्र घेतलं, अल्टोक्युम्युलसचं, छोट्या छोट्या गोळ्यांच्या रांगा. सीड तोच ठेवला.

०.३ वर: माझंच चित्र, पण ब्रशचे सुटे केस गायब. हे होणारच, कारण आत चित्र आठपट आक्रसून जातं. १०२४ पिक्सेलची बाजू आत फक्त १२८ घरांची. केसाएवढी रेघ तिथे मावत नाही, परत येते ती अंदाजानं भरलेली.

०.५ वर: रांगा माझ्याच, पण गोळ्यांचा आकार सैल झाला. काही ठिकाणी दोन रांगांमधल्या फटीतून मागचं आभाळ दिसायला लागलं, जे मी काढलंच नव्हतं आणि काढायला हवं होतं. हे उपयोगी.

०.७५ वर: पुन्हा कापसाचे ढीग. स्वभाव जात नाही.

रकान्यात लिहिलं: '०.५, सीड ४०७१. फटीतून आभाळ दिसतं, त्यामुळे गोळ्यांचा थर पातळ आहे हे कळतं.' लिहायला दहा मिनिटं लागली. चित्र यायला अकरा सेकंद.

१ मार्च

अडलंय. सिरोक्युम्युलस, अल्टोक्युम्युलस आणि स्ट्रॅटोक्युम्युलस या तिघांत फरकच दिसत नाही. प्रॉम्प्ट बदलले, लोराचा जोर कमीजास्त केला, चाळीस चित्रं काढली. सगळी गोळ्यांच्या रांगा. दोष मॉडेलचा म्हणावा तर माझी हातची चित्रंही तशीच आहेत.

३ मार्च

मावशीला बोलावलं. ती भूगोल शिकवायची, तीस वर्षं. टेबलावर प्रिंट पसरल्या.

आधी तिनं सिरोस्ट्रॅटस उचलला. हा पातळ पडद्यासारखा ढग, सूर्याला खळं पडतं ते यामुळे. माझ्या चित्रात खळं होतंच, मॉडेलनं न मागता रंगही भरले होते, मला आवडले म्हणून राहू दिलेले.

"हे खळं नव्हे," मावशी म्हणाली. "हे इंद्रधनुष्य वाकवून गोल केलंय. तांबडा बाहेर कसा? खळ्याला तांबडी कड आतून असते."

खरंच की. इंद्रधनुष्यात तांबडा बाहेरच्या कडेला. बर्फाच्या स्फटिकांमुळे पडणाऱ्या २२ अंशांच्या खळ्यात आतल्या. रकान्यात मी 'रंग सौम्य' असं लिहून पास केलं होतं. म्हणजे नुसता रकाना भरूनही भागत नाही.

"आणि केवढुसं आहे हे! २२ अंश म्हणजे माहितेय केवढं? हात लांब कर. वीत पसर. अंगठा सूर्यावर ठेवलास तर करंगळी जवळपास खळ्याला टेकेल."

मी हात लांब केला. खिडकीतल्या आभाळाचा जवळजवळ अर्धा भाग त्या वितीत मावला. माझ्या चित्रात खळं म्हणजे बांगडीएवढं.

मग ती तिन्ही गोळ्यांची चित्रं तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यातला फरक मॉडेलला कळत नाहीये. ती म्हणाली, "तुला तरी कुठे कळलाय? आकारात फरक नाहीच मुळी. फरक मापात आहे. मुलांना मी बोटं धरायला लावायचे."

सांगितलं ते असं. क्षितिजापासून बऱ्यापैकी वरच्या आभाळाकडे हात लांब करून करंगळी धरायची. एक गोळा करंगळीआड पुरता झाकला, म्हणजे रुंदी एका अंशाच्या आत, तर सिरोक्युम्युलस. करंगळीनं झाकत नाही पण तीन बोटांनी झाकतो, म्हणजे एक ते पाच अंश, तर अल्टोक्युम्युलस. तीन बोटांनाही पुरून उरला तर स्ट्रॅटोक्युम्युलस.

ती गेल्यावर कितीतरी वेळ नुसतीच बोटांकडे बघत बसले.

४ मार्च

कार्डात हात येणार. पाहणाऱ्याचाच हात, चित्रात खालून वर गेलेला. तीन कार्डांवर गोळ्यांची तीच रांग, तोच कोन. बदलतं ते फक्त बोटांपुढचं गोळ्याचं माप. एकावर करंगळी, एकावर तीन बोटं, एकावर तीन बोटांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ढग. सिरोस्ट्रॅटसवर पसरलेली वीत.

तिन्ही चित्रं सारखी येतात म्हणून मी तीन दिवस डोकं फोडत होते. आता ती सारखीच असायला हवीत. मुद्दाम, एकाच सीडची.

हात एआयला काढायला लावायचा प्रश्नच नाही. सहाव्या बोटाचे विनोद आता जुने झाले हे खरं, नवी मॉडेल्स बोटं बरी काढतात. पण करंगळीची रुंदी हेच ज्या कार्डाचं माप, तिथे करंगळी 'साधारण करंगळीसारखी' असून चालायची नाही. स्वतःच्या हाताचे फोटो काढले, त्यावर कागद ठेवून ब्रशनं गिरवले. बाह्यरेषा नाही, आत भरीव शाई.

७ मार्च

अल्टोस्ट्रॅटस. करडा, एकसारखा, सूर्य दिसलाच तर दुधी काचेमागे ठेवल्यासारखा. मॉडेलला हे सहनच होत नाही, कुठेतरी एक फट पाडून किरण सोडतंच. शंभरावर चित्रं केली, एक ठेवलं नाही. शेवटी मॉडेल बंद करून ओल्या कागदावर शाईचे दोन हात दिले, वाळू दिला, स्कॅन केला. वीस मिनिटांचं काम.

पण नुसता करडा चौकोन कार्डावर कोण बघेल? इथे परत हात कामी आला. अल्टोस्ट्रॅटस असताना जमिनीवर सावल्या पडत नाहीत, सिरोस्ट्रॅटसमधून पडतात. ओळखायची खूण तीच. म्हणून या कार्डावर जमिनीकडे धरलेला हात, आणि खाली सावली नाही. सिरोस्ट्रॅटसच्या मागच्या बाजूला तोच हात, सावलीसकट.

१२ मार्च

अक्षरं. कुतूहल म्हणून मॉडेललाच 'अल्टोस्ट्रॅटस' लिहायला सांगून पाहिलं. शिरोरेषा अगदी सरळ, आणि तिला खाली जे लोंबत होतं ते जगातल्या कुठल्याच लिपीतलं नव्हतं. लांबून देवनागरी, जवळून वाळत घातलेले मोजे. पण कारण समजण्यासारखं आहे. या एका शब्दात १३ युनिकोड चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ३९ बाइट. माझ्या मॉडेलचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडेच घेतो आणि तो घडलाय मुख्यतः इंग्रजीवर. 'स्ट्रॅ' हे त्याच्यासाठी अक्षर नाही, भुगा आहे.

नावं मुक्ता फॉण्टमध्ये लावली. परवाना खुला, अक्षरांच्या जाड्या सात. 'स्ट्रॅ'ला वर चंद्र आणि खाली रकार, त्यामुळे दोन ओळींचं नाव नेहमीच्या अंतरात बसवलं की वरच्या-खालच्या टोकांची टक्कर. अंतर वाढवलं. एवढंच.

१५ मार्च

छपाईचा हिशेब. मॉडेलचं चित्र १०२४ पिक्सेलचं. ३०० पीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, छापलं तर पावणेनऊ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, आणि कार्डाची उंची २१. अपस्केलर, म्हणजे चित्र मोठं करणारं मॉडेल, लावला. त्यानं मोठं केलं खरं, पण ढगांच्या कडांना बारीक लोकर फुटली. नसलेला तपशील शोधून आणणं हेच त्याचं काम, त्याला बोलून काय उपयोग.

मग उलट्या दिशेनं गेले. चित्राला जाड ठिपक्यांचा हाफटोन दिला, इंचाला ४५ ओळींचा. हाफटोनला ओळींच्या दुप्पट पिक्सेल पुरतात, म्हणजे इंचाला ९०. २१ सेंटिमीटरला साडेसातशेच्या आसपास. १०२४ मध्ये आरामात बसलं, कडेचं कापायलाही उरलं.

शिवाय त्या ठिपक्यांनी चित्राचा तुकतुकीतपणा पार खाल्ला. हाताची भरीव शाई वर ६०० डीपीआयमधून स्वच्छ, मागे आभाळ ठिपक्यांत. जवळचं आणि लांबचं आपोआप वेगळं झालं. रंग दोनच: गडद निळा, आणि तांबडा फक्त खळ्याच्या आतल्या कडेला.

२१ मार्च

पोर्टफोलिओतल्या मजकुरासाठी भाषेचं मॉडेल वापरून पाहिलं. टिपणं दिली, म्हटलं एक पान लिही. आलं: 'निसर्गाच्या कॅनव्हासवर तंत्रज्ञान आणि कलेचा अनोखा संगम'. बंद केलं.

दुपारी वेगळं मागितलं: काही लिहू नकोस, फक्त खोचक प्रश्न विचार. वीस आले, सतरा भरताड. पण एक होता, रंगांधळेपण असलेल्याला खळ्याची तांबडी कड कशी कळणार? विचारच केला नव्हता. आतली कड आता तुटक रेघेची केलीय, तांबडी ती आहेच. या कामात मॉडेल बरं आहे. त्याला संकोच नाही आणि मला राग नाही.

मजकूर मीच लिहिला, रकान्यातल्याच ओळी उचलून.

२६ मार्च

पानांची रचना ठरली. पूर्वीसारखी दहा चकाचक चित्रांची रांग नाही. ढगांना सहा पानं:

पहिल्यावर दहाही कार्डं, लहान. दुसऱ्यावर 'आलं तसं' फोल्डरमधली सात क्युम्युलस, खाली त्यांची मागितलेली नावं. तिसरं आणि चौथं फक्त बोटांचं: मावशीचं माप, हाताचे फोटो, गिरवलेला हात, तीन कार्डं. पाचव्यावर चुकलेलं आणि सुधारलेलं खळं. सहाव्यावर तक्ता, रकान्यासकट, पहिल्या दिवसाच्या '—"—' खुणांसकट. त्या काढाव्यात असं दोनदा वाटलं.

प्रत्येक कार्डाखाली एक ओळ, कुठे काय वापरलं. 'आभाळ: माझ्या ३४ शाईचित्रांवर शिकवलेलं मॉडेल. हात, अक्षरं, मांडणी: हाती.' अल्टोस्ट्रॅटसखाली 'मॉडेल वापरलेलं नाही'. फाइलमध्ये कंटेंट क्रेडेन्शियल्सही, म्हणजे चित्र कसं तयार झालं याची आतली नोंद, टाकली आहेत, पण स्क्रीनशॉट घेतला की ती जातात. म्हणून ओळ छापलेलीच बरी.

मावशीचं नाव घालू का विचारलं. म्हणाली, नको, 'भूगोलाच्या बाई' एवढं लिही.

४ एप्रिल

स्टुडिओत जाऊन आले. समोर दोघं होते.

पहिला प्रश्न अपेक्षित: "यात एआय किती टक्के?" टक्के मला सांगता येईनात. सहावं पान उघडून दिलं. एकजण ते वाचत बसले, दुसऱ्या बाईंनी तिसरं पान ओढून घेतलं.

सात क्युम्युलसच्या पानावर दोघंही हसले. त्यांचीही असलीच एक फोल्डर आहे म्हणे.

मग बाईंनी काही न बोलता हात लांब केला आणि करंगळी खिडकीकडे धरली. एक डोळा मिटून बराच वेळ. बाहेर लख्ख निळं, ढगाचा ठिपका नाही.

"याचं कार्ड कुठंय?"